लाल रेघ आणि आपली भाषा

(माजी विद्यार्थ्यांच्या म्हैसूर येथील मेळाव्यात, देवराज मोहल्ल्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त भाषेविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. संगणकावर आपले लेखन तपासणाऱ्या साधनांविषयी बोलण्याचे मी योजले आहे. आपली मुले मराठी लिहितात आणि काही जण कोरियनसारखी परकी भाषाही हौसेने शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक स्तरासाठी सुचवलेल्या परकीय भाषांत कोरियनचे नाव आहे. लिहिलेला मजकूर मुले अशा साधनाला दाखवतात आणि लाल रेघ उमटली की शब्द बदलून मोकळी होतात. ही रेघ नेमके काय सांगते?

मराठी आणि कोरियन या भाषा एकमेकींपासून फार दूरच्या; परंतु दोहोंतही प्रत्यय नामाला जोडूनच लिहितात. 'शाळा' या एका शब्दापासून आपण शाळेत, शाळेचा, शाळेपासून, शाळेतल्यांनासुद्धा अशी कितीतरी रूपे करतो. कोरियनमध्ये 'हाक्क्यो' म्हणजे शाळा आणि 'हाक्क्योएसओ' म्हणजे शाळेतून. अशा भाषांना शब्दांची नुसती यादी पुरत नाही. 'हन्स्पेल' ही प्रसिद्ध तपासणी-प्रणाली मुळात हंगेरियन या प्रत्ययबहुल भाषेसाठी तयार झाली. तिच्यात मूळ शब्दांची एक आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी, अशा दोन याद्या असतात.

आता तिची मर्यादा पाहा. 'हीरकमहोत्सवाचा दीन' असे कोणी लिहिले, तर केवळ शब्द ताडून पाहणारे यंत्र गप्प राहील. कारण 'दीन' हा शब्द कोशात आहेच. कोरियन लोकांतही अशी एक चूक प्रसिद्ध आहे. 'सर्दीतून लवकर बरे व्हा' असे लिहिताना एक अक्षर चुकले, की 'सर्दीला लवकर जन्म द्या' असा अर्थ होतो आणि दोहोंचा उच्चार मात्र एकच! नवी साधने मागचापुढचा संदर्भ पाहून अशा काही चुका पकडतात. तरीही पत्र मित्राला आहे की गुरुजींना, तेथे 'तू' शोभेल की 'आपण', हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.

याच्या उलट प्रकार मला अधिक चिंतेचा वाटतो. आजीच्या तोंडचे शिंकाळे, उतरंड, माजघर हे शब्द यंत्राच्या साठ्यात नसले, तर त्यांच्याखालीही रेघ येते. त्या रेघेचा अर्थ 'हा शब्द माझ्या परिचयाचा नाही' एवढाच असतो. मूल मात्र 'हा शब्द चुकीचा आहे' असा अर्थ घेते आणि घरचा शब्द खोडते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांजवळ असे शब्द आधीच थोडे असतात. त्यांतला एकेक असा गळू लागला, तर ती हानी कोणते यंत्र भरून देणार?

यंत्राचा हा परिचय वाढतो तो माणसांनी लिहिलेल्या मजकुरातून. याच म्हैसूर शहरात, मानसगंगोत्रीच्या परिसरात, १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था आहे. भारतीय भाषांतील मजकुरांचे व ध्वनिमुद्रणांचे मोठे संग्रह तेथे सिद्ध होतात आणि त्यांत मराठीही आहे. आपण विविध प्रकारचे मराठी लिहू, छापू, तरच उद्याच्या अशा संग्रहांत आपले शब्द पोहोचतील.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलांनी पहिला खर्डा यंत्राविना लिहावा आणि मोठ्याने वाचावा. मग साधन वापरावे. पण सारे बदल एकदम स्वीकारू नयेत. प्रत्येक रेघेपाशी थांबून शब्दकोश उघडावा, घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. शब्द योग्य ठरला, तर तो साधनाच्या कोशात टाकण्याची सोय बहुधा असते, ती वापरावी.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. 'कवी' दीर्घ, पण 'कविवर्य' ऱ्हस्व, हे आपल्याला याच शाळेच्या फळ्यावर कळले. त्या ज्ञानामुळेच यंत्राची सूचना मानावी की नाकारावी, हे आपण ठरवू शकतो. यंत्रे पुष्कळ येतील. तो निर्णय करणारी माणसे शाळेलाच घडवावी लागतील. हे कार्य आपल्या शाळेकडून यापुढेही अखंड घडो, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.