व्याख्यान पोहोचते, प्रश्न पोहोचतो का?

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल टी पॉइंटपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठापर्यंत रिक्षाने जायला फार वेळ लागत नाही. तरी हर्सूलचा एखादा शेतकरी, किराणा दुकानदार किंवा बचत गटातली बाई विद्यापीठाच्या सभागृहात व्याख्यान ऐकायला बसली आहे, असे दृश्य विरळाच. २०२० च्या टाळेबंदीत विद्यापीठांची व्याख्याने आणि चर्चासत्रे ऑनलाइन झाली, तेव्हा हे अंतर आता संपले असे अनेकांना वाटले. लिंक उघडली की सभागृह घरात! मला वाटते, संपले ते वक्त्याचे अंतर. श्रोत्याचे अंतर पुष्कळसे होते तिथेच आहे, आणि ते का राहिले याचा विचार केल्याशिवाय आभासी व्याख्यानांची संख्या वाढवण्यात फारसा अर्थ नाही.

आधी फायद्याची बाजू मान्य करू. या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव अशा चार जिल्ह्यांचे, म्हणजे सोयगावपासून उमरग्यापर्यंतचे. लंडनचा अर्थतज्ज्ञ किंवा बंगळुरूचा खगोलशास्त्रज्ञ इथे बोलवायचा तर विमानभाडे, अतिथिगृह, मानधन आणि तारखांची जुळवाजुळव आलीच. आज तोच माणूस आपल्या खोलीतून तासभर बोलतो आणि अंबडच्या महाविद्यालयातली मुले त्याला ऐकू शकतात. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने जयकर व्याख्यानमालेतून वक्ते गावोगावी पाठवले. त्या कामाला प्रवासाची मर्यादा होती, ती आता उरलेली नाही. हा लाभ लहान नव्हे, आणि तो सोडून द्या असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

पण एखादे वेबिनार जवळून पाहा. पहिली दहा मिनिटे चॅटच्या चौकटीत ‘गुड मॉर्निंग सर’ आणि ‘आवाज येत नाही’ यांची रांग लागते. मग नाव, महाविद्यालय, जिल्हा. वक्ता बोलू लागला की कॅमेरे बंद, माइक म्यूट. शेवटच्या पाच मिनिटांत चौकट पुन्हा जागी होते आणि विचारणा होते ती ‘फीडबॅक फॉर्मची लिंक’ कधी मिळेल याची, कारण तो भरल्यावर ई-प्रमाणपत्र मेलवर येते. वेळेअभावी प्रश्नोत्तरे होऊ शकली नाहीत, असे आभारप्रदर्शनात सांगितले जाते. यात श्रोत्यांना दोष देता येणार नाही. ज्या रचनेत हजेरीला मोल आहे आणि शंकेला जागा नाही, तिथे माणसे हजेरीच लावणार.

जगाचा अनुभवही याच्याशी जुळतो. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी चालवलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे जेमतेम ३ टक्के होते. जगातली नामांकित विद्यापीठे, उत्तम चित्रीकरण, तरी ही स्थिती. आपल्याकडे तर दाराशीच अडसर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, इंटरनेट कधीतरी वापरले आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया देशभरात सुमारे ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के; ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण २५ टक्क्यांच्याही आत. त्यानंतर फोन वाढले, डेटा स्वस्त झाला. पण घरात एकच फोन असला तर तो संध्याकाळी कोणाच्या हातात असतो, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

मग उपाय काय? त्याचे उत्तर रेडिओच्या इतिहासात आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे नेमली. प्रत्येकात वीसेक माणसे, एक अध्यक्ष, एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम सर्वांनी एकत्र बसून ऐकायचे, संपल्यावर चर्चा करायची, आणि उरलेल्या शंका निमंत्रकाने केंद्राला लिहून पाठवायच्या. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याची पाहणी केली. श्रोतृमंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे अशी तुलना होती. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. कार्यक्रम तोच, आवाज तोच. फरक पडला तो एकत्र बसण्याने आणि प्रश्नाला परतीची वाट असण्याने. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून हा प्रयोग आपल्या वाट्याला आला नाही. दोन वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. राहून गेलेले ते काम हाती घ्यायला आज त्याच्याइतकी योग्य संस्था दुसरी नाही.

पडद्यावरून खरी देवाणघेवाण होतच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध प्रफुल्ल देसाई या खटल्यात न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवायला मान्यता दिली. साक्षीदार दिसतो, ऐकू येतो आणि त्याची उलटतपासणी घेता येते, म्हणून ती साक्ष समक्षच मानावी, असा त्यामागचा विचार. आज राज्यातल्या कारागृहांतून बंद्यांना पडद्यावरून न्यायालयापुढे हजर करणे नित्याचे झाले आहे. हर्सूलच्या लोकांना, मध्यवर्ती कारागृह शेजारीच असल्याने, ही गोष्ट नवलाची वाटणार नाही. म्हणजे कसोटी पडद्याची नाही, उलट विचारण्याच्या हक्काची आहे. तो हक्क असेल तर पडद्यावरचे व्याख्यानही सार्वजनिक ठरते. नसेल तर भरलेल्या सभागृहातलेसुद्धा ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, ध्वनिचित्रमुद्रण यूट्यूबवर असते, ज्याला हवे तो सवडीने पाहील, मग लोकांना गोळा कशाला करायचे? मुद्रण ठेवावेच, परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला ते पुन्हापुन्हा पाहता येते. पण सवडीने पाहू म्हणून बाजूला ठेवलेले बहुतेक राहूनच जाते, आणि एकट्याला पडलेली शंका त्याच्याजवळच विरते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: प्रत्यक्ष सभागृहात तरी कोण प्रश्न विचारतो? हजेरीसाठी बसवलेली मुले आणि पहिल्या रांगेतले मान्यवर, एवढेच तर चित्र असते. मान्य. म्हणूनच जुन्या सभागृहाची नक्कल पडद्यावर करण्यात काही मिळवलेले नाही. मोठ्या सभेत उठायला संकोचणारा माणूस वीस ओळखीच्या माणसांत मात्र बोलतो, आणि छोट्या मंडळाचे बळ तेच आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा आणि चिकाटीचा. १९५९ पासून श्रोतृमंडळे देशभर पसरली, पण ती कायम टिकली नाहीत. निमंत्रक उत्साही नसला आणि शंकांची उत्तरे येईनाशी झाली की मंडळ मोडते, हा धोका आजही आहे. तेव्हा सुरुवात शंभर ठिकाणी करू नये. दहा ठिकाणी करावी आणि ती नेटाने चालवावीत.

यंत्रणा नव्याने उभारावी लागणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि गावोगावची वाचनालये संध्याकाळी उघडी असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. त्यांतले काही तास निमंत्रक म्हणून मोजता येतील. हर्सूलच्या एखाद्या शाळेत किंवा वाचनालयात एक पडदा, एक चांगला स्पीकर आणि वीस खुर्च्या एवढ्यावर काम सुरू होईल. पहिला विषयही शोधायला नको. शहरातल्या काही वस्त्या हर्सूलच्या तलावाचे पाणी पितात. तो किती भरतो, किती गाळ धरतो, त्याचे पाणी कोणाला मिळते, यावर भूगोलाचा किंवा जलशास्त्राचा प्राध्यापक बोलला, तर ऐकणाऱ्यांकडे विचारायला आणि त्याला सांगायलाही पुष्कळ असेल. काठावर शेती करणाऱ्याला माहीत असलेले काही त्या प्राध्यापकाच्या नकाशावर कदाचित नसेलही.

विद्यापीठाने एक नियम स्वतःला घालून घ्यावा. चाळीस मिनिटे व्याख्यान, वीस मिनिटे मंडळांतली आपसांतली चर्चा, आणि पुढची तीस मिनिटे फक्त मंडळांकडून आलेल्या प्रश्नांना. जे राहतील त्यांची लेखी उत्तरे पंधरा दिवसांत मराठीत पाठवावीत. आणि वार्षिक अहवालात वेबिनार किती झाले, प्रमाणपत्रे किती वाटली हे छापले जातेच, त्याशेजारी आणखी दोन आकडे छापावेत: विद्यापीठाबाहेरच्या माणसांकडून प्रश्न किती आले, आणि त्यांतल्या कितींना उत्तर मिळाले.