वाचलं, पण कळलं का?



आज तुमच्या मुलांच्या वाचनाबद्दल थोडं बोलणार आहे.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया म्हणजे लहान गोष्ट नव्हे! पोरं शाळेत आली, वाचू लागली. पण वाचलेलं सगळं कळतं का?

माझंच सांगतो. मी मुख्याध्यापक होतो. पोरगं घडाघडा वाचू लागलं की मी शाबास म्हणायचो. पुष्कळ वर्षं असंच चाललं. एका पावसाळ्यात चौथीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं :

‘पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे. धोका पातळी ४३ फूट आहे. आज राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ४१ फूट आहे.’

वर्गातला पहिला नंबर उठला. एकही शब्द न अडखळता त्याने वाचलं. मी विचारलं, “मग आज घरी काय करायचं?” तो गप्प. पुन्हा तेच वाचू लागला. मागं बसणारी एक मुलगी होती. नदीकाठची. तिचं वाचन अडखळत चालायचं. ती म्हणाली, “गुरुजी, म्हसरं आजच वर न्यायची. दोनच फूट ऱ्हायलंय.”

म्हसरं फळ्यावर कुठंच नव्हती. ‘दोन फूट’ही नव्हतं. ते तिनं मनानं काढलं. आणि हिलाच मी वाचनात कमी गुण देत आलो होतो! त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी रीत बदलली. धडा उघडला की आधी चित्र बघायचं, नाव वाचायचं. यात काय असेल, ते मुलांनी सांगायचं. मध्येच थांबायचं. ‘असं का झालं? आता पुढं काय होईल?’ असं विचारायचं. शेवटी पुस्तक मिटून आपल्या घरच्या बोलीत सांगायचं. चुकलं तरी रागवायचं नाही.

अडलेल्या शब्दाचा अर्थ लगेच सांगू नये. ‘राधानगरी धरणातून विसर्ग वाढला. नदीचं पाणी चढलं.’ मुलांना विसर्ग म्हणजे अक्षरापुढचे दोन ठिपके एवढंच ठाऊक. ठिपक्यांनी नदी कशी चढेल? सगळी हसली. मग पुढचं वाक्य वाचून एकानं ओळखलं : धरणातून सोडलेलं पाणी.

२०१९ च्या ऑगस्टात हीच पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती. तेव्हा असल्या बातम्या रोज छापून येत.

तुम्ही म्हणाल, आम्हीच आता अक्षरं शिकलो, आम्ही पोरांना काय शिकवणार? शिकवू नका. विचारा. भाकरी थापताना, धार काढताना विचारा, “आज काय वाचलंस? ते तसं का वागलं रे?” पोर पुस्तकातली ओळच म्हणून दाखवील. तेव्हा म्हणा, “तुझ्या शब्दांत सांग.”

पुढच्या बैठकीला मुलांनाही घेऊन या. वर्तमानपत्राचा जुना कागद असला तर तोही आणा. आपण मिळून वाचू.