धर्मशिक्षणाच्या तासांतील एक प्रश्न



मालवणच्या किनाऱ्यावरील आमच्या शाळेंत धर्मशिक्षणाचा तास आठवड्यांतून एकदांच येई, आणि प्रश्नोत्तरें पाठ करून घेण्यांतच तो सरे. एके शनिवारीं मीं संत योहानाच्या शुभवर्तमानांतील १५३ माशांची कथा सांगितली. एवढे मोठे मासे येऊनहि जाळें फाटलें नाहीं, असें म्हणतांच रापणकराचा एक मुलगा उठला: "गुरुजी, मग वांटे कसे केले?" वर्ग हंसला. मीं त्यास दटावून खालीं बसविलें.

ती चूक पुढें मला फार बोंचली. शेजारच्या गोमंतकांत, राचोल येथें १६१६ सालीं छापलेलें फादर थॉमस स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण आपणांस ठाऊक आहे. त्याच्या आरंभीं साष्टींत मुलांना धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण उठून पाद्रीपाशीं नवें पुराण मागतो, आणि तेथून सुमारें ११,००० ओव्या वाहूं लागतात. त्यासहि कोणीं दटाविलें असतें तर?

पुढच्या शनिवारीं मीं मुलास फळ्यापाशीं बोलाविलें. होडीचा वांटा, जाळ्याचा वांटा, दोर ओढणाऱ्यांचा वांटा, सारें त्यानें खडूनें मांडून दाखविलें. प्रश्नोत्तरें त्या दिवशीं राहूनच गेलीं.