नारिंगी रंगाची काळी पेटी



विमान कोसळल्याची वार्ता आली, कीं पाठोपाठ 'काळ्या पेटीचा शोध जारी' हें वाक्य आपण ऐकतोंच. ही पेटी काळी मुळींच नसते. ढिगाऱ्यांत अथवा समुद्रतळाशीं चटकन् दृष्टीस पडावी म्हणून तिला भडक नारिंगी रंग दिलेला असतो. शिवाय मोठ्या विमानांत बहुधा अशा दोन पेट्या असतात. एक वेग, उंची, दिशा, इंजिनांची स्थिति इत्यादि टिपते. दुसरी वैमानिकांचें बोलणें.

ता. २ मे १९५३ रोजीं कलकत्त्याहून दिल्लीकडे निघालेलें 'कॉमेट' विमान वादळांत सांपडून कांहीं मिनिटांतच हुगळी जिल्ह्यांत तुटून पडलें. आंतील ४३ जणांपैकीं कोणीहि वांचलें नाहीं. या जातीचीं जेट विमानें उतारूंच्या वाहतुकीस लागून त्या दिवशीं बरोबर एक वर्ष झालें होतें. पुढील वर्षाच्या जानेवारींत व एप्रिलांत आणखी दोन 'कॉमेट' इटलीलगतच्या समुद्रांत पडलीं. काय घडलें हें सांगण्यास तिन्ही वेळां कोणी उरलें नव्हतें.

या अपघातांचा विचार करणाऱ्यांत मेलबर्नच्या सरकारी विमान-संशोधनशाळेंतील रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन हे एक होते. ते नऊ वर्षांचे असतां, १९३४ सालीं, त्यांचे वडील बास सामुद्रधुनीवर विमानासह नाहींसे झाले होते. वडिलांची अखेरची भेट म्हणजे एक स्फटिक-रेडिओ. आपण रेडिओ ऐकणारीं माणसें, म्हणून हें मुद्दाम सांगितलें. पुढें एका प्रदर्शनांत खिशांत मावणारें, तारेवर ध्वनि मुद्रित करणारें यंत्र त्यांच्या पाहण्यांत आलें. असें यंत्र वैमानिकांच्या कक्षांत असतें, आणि आपटूनहि शाबूत राहतें, तर? १९५४ सालीं त्यांनीं हा विचार टिपणरूपानें मांडला, व मागाहून नमुनाहि सिद्ध केला.

त्यांतील युक्ति शाळकरी पोराच्या पाटीसारखी आहे. बोलण्यानें ध्वनिग्राहकांतील विजेचा प्रवाह कमीअधिक होतो, आणि त्या मानानें पुढून सरकणारी पोलादी तार चुंबकित होत जाते. तार संपली, कीं जुनें पुसून त्यावरच नवें उमटतें. म्हणून चार तास पुरेल एवढीच तार लागते; विमान सुखरूप उतरल्यावर आदल्या गप्पा कोणास हव्या आहेत? हवा असतो तो शेवटचा भाग, आणि नेमका तोच पुसला जात नाहीं, कारण पुसणारें यंत्रच तेथें थांबलेलें असतें.

एवढें असूनहि स्वदेशीं या यंत्राची उपेक्षाच झाली. वैमानिकांच्या संघटनेला ती हेरगिरी वाटली. मी त्यांना हंसणार नाहीं. मुख्याध्यापक दाराआड उभे आहेत असा नुसता भास झाला, तरी माझा खडू फळ्यावर अडखळत असे. १९५८ सालीं ब्रिटनच्या सर रॉबर्ट हार्डिंगहॅम यांना या यंत्राचें मोल कळलें, तेव्हां कामास गति आली. १९६० सालीं क्वीन्सलँडमधील मकाय येथें विमान समुद्रांत पडून २९ जण दगावले. कारण निश्चित होईना, व चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनीं अशीं यंत्रें बसविण्याची शिफारस केली. वैमानिकांचें बोलणें मुद्रित करण्याची सक्ति प्रथम ऑस्ट्रेलियानेंच केली.

तारेची जागा फितीनें, व फितीची चिपनें घेतली. आजची पेटी ११०० अंश सेल्सिअसच्या ज्वाळेंत तासभर टिकावी लागते. नाक आधीं आपटतें, म्हणून ती शेपटाकडे ठेवतात. पाण्यांत पडतांच तिचें संकेतयंत्र सेकंदास एकदां टिक् करूं लागतें. पूर्वीं तें ३० दिवस चाले, आतां ९० दिवस चालतें.

२३ जून १९८५ रोजीं आयर्लंडनजीक एअर इंडियाचें 'कनिष्क' पडून ३२९ जण गेले. सुमारें दोन हजार मीटर खोलीवरून यंत्रहस्तांनीं दोन्ही पेट्या वर काढल्या. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतहि त्यांचा अभ्यास झाला. फितीवर वैमानिकांचें नेहमींचें बोलणें होतें, मग एक आवाज, आणि दोन्ही पेट्यांतील लेखन जवळजवळ एकाच क्षणीं तुटलेलें. स्फोटाच्या पुराव्यांत ही शांतताहि जमा झाली.

वॉरन २०१० सालीं वारले. 'उघडूं नये' अशी सूचना या पेट्यांवर असते. तीच त्यांच्या शवपेटिकेवरहि लिहिली होती.