बर्फावरची टाळेबंदी



हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात. आज आम्ही ज्या हॉकीविषयी बोलणार आहोत ती निराळी. ती बर्फावर, पोलादी पाते लावलेले बूट घालून खेळतात. चेंडूच्या जागी रबराची काळी चकती असते. आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, तेच कॅनडात या खेळाचे. 2004 सालच्या हिवाळ्यात आम्ही दोघे-तिघे मित्र पोटापाण्यासाठी टोरांटोत होतो. शनिवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर हा खेळ पाहण्याची चटक आम्हांलाही लागली होती. त्या हिवाळ्यात मात्र शनिवारी हॉकीच्या वेळी चित्रपट दाखवू लागले.

कारण असे की, 'नॅशनल हॉकी लीग' या तेव्हा तीस संघांच्या असलेल्या संस्थेच्या मालकांनी 16 सप्टेंबर 2004 पासून टाळेबंदी पुकारली होती. संप आणि टाळेबंदी यांतला भेद गिरण्यांच्या महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. इथे दार लावून घेतले ते मालकांनी.

मालकांचे गाऱ्हाणे असे, की उत्पन्नातले शंभरातले पंचाहत्तर डॉलर खेळाडूंच्या वेतनात जातात. 2002-03 च्या मोसमात 27 कोटी 30 लाख डॉलरांचा तोटा आला, असा अहवाल त्यांनी करवून घेतला होता. तेव्हा संघाच्या एकूण वेतनाला कमाल मर्यादा हवी. खेळाडूंच्या संघटनेला तो हिशेबच मान्य नव्हता. वेतनात 24 टक्के कपात सोसू, पण मर्यादा नको, असे तिने डिसेंबरात कळवले.

खरे सांगायचे तर आम्हांला आधी खेळाडूंचाच राग आला. सरासरी वेतन वर्षाला अठरा लाख डॉलर, आणि तरी कुरकुर! पण मागचा इतिहास वाचला तेव्हा तो राग निवळला. 1957 साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसे या नामांकित खेळाडूने संघटना उभारली. निवृत्तिवेतनाच्या निधीचा हिशेब दाखवा, एवढीही मागणी मालकांना रुचली नाही. कारकिर्दीतला सर्वोत्तम मोसम नुकताच खेळलेल्या लिंडसेला त्यांनी तळाच्या शिकागो संघात धाडून दिले. काही महिन्यांत ती संघटना मोडली. ज्यांच्या वडीलधाऱ्यांना असे वागवले, ते मालकांच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास कसा ठेवतील?

अखेरीस दोन्ही पक्ष मर्यादेवर आले. मालक म्हणाले, संघामागे 4 कोटी 25 लाख डॉलर; खेळाडू म्हणाले, 4 कोटी 90 लाख. एवढ्या अंतरावर बोलणी तुटली आणि 16 फेब्रुवारी 2005 रोजी अख्खा मोसम रद्द झाला. 1,230 सामने बुडाले. 1919 साली इन्फ्लुएंझाच्या साथीने स्टॅन्ले करंडकाची अंतिम मालिका अर्धवट राहिली होती. त्यानंतर करंडक कोणालाच मिळाला नाही असे हे पहिलेच वर्ष. जुलैत तडजोड झाली. मर्यादा 3 कोटी 90 लाखांवर ठरली, आणि 24 टक्के कपातही खेळाडूंच्या पदरी पडली.

या भांडणात तिसरा पक्ष होता, तो आम्हां प्रेक्षकांचा. तिकिटे आमची, जाहिराती आमच्यासाठी, आणि मुलांना पहाटे सरावाला नेणारे आईबापही आमच्यातलेच. पण त्या मेजाभोवती आमच्यासाठी खुर्ची नव्हती. क्रीडागृहात खाद्यपदार्थ विकणारे, दारावर तिकिटे तपासणारे, यांची मजुरी बुडाली. त्यांना तर कोणी विचारलेही नाही.

विचारण्याचे धाडस केले ते टोरांटोतल्या काही हौशी खेळाडूंनी. 1892 साली कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी हा करंडक देणगी म्हणून दिला, तेव्हा ही लीग जन्मालाही आली नव्हती. मग लीग खेळत नसेल तर करंडक कुलपात का राहावा, असा सवाल घेऊन ते न्यायालयात गेले. 2006 साली समझोता झाला. लीगने मोसम खेळवला नाही तर करंडक दुसऱ्या संघाला देण्याची मुभा विश्वस्तांना आहे, असे ठरले. करंडक मालकांचाही नाही आणि खेळाडूंचाही नाही, एवढे तरी त्यातून कागदावर आले.

आता आमचा कबुलीजबाब. टाळेबंदीत आम्ही शपथा घेतल्या होत्या की, पुन्हा म्हणून तिकीट काढणार नाही. दारे उघडली आणि आम्ही धावत गेलो. आम्हीच नव्हे, 2005-06 च्या मोसमात प्रेक्षकांच्या संख्येने पूर्वीचा उच्चांक मोडला. मालकांनी ते नीट ध्यानात ठेवले. सप्टेंबर 2012 मध्ये पुन्हा टाळेबंदी आली. 82 सामन्यांच्या जागी प्रत्येक संघ 48 सामने खेळला आणि खेळाडूंचा वाटा 57 टक्क्यांवरून निम्म्यावर उतरला.

रुसवा काढायला कोणी येणार नाही आणि आपण आपल्याच पायांनी परत येणार, हे ज्याला ठाऊक असते त्याला आपली पर्वा कशाला? खेळावर प्रेम करू नका असे आम्ही सांगत नाही. ते आम्हांलाही जमलेले नाही. पण टोरांटोच्या त्या हौशी मंडळींनी जे केले ते आम्ही शपथा घेणाऱ्यांनी केले नाही. हा खेळ कोणाचा, असे त्यांनी दारावर जाऊन विचारले. आम्ही दार उघडण्याची वाट पाहत बसलो.