घरातच हरवलेलं नाणं

कुणी स्वयंपाक करता करता ऐकत असेल, कुणी एसटीत बसून ऐकत असेल. जिथं असाल तिथं पाच-सात मिनिटं माझ्याबरोबर थांबा.

आज आपण लूककृत शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय पाहणार आहोत. जकातदार आणि पापी लोक येशूचं ऐकायला येत होते, तो त्यांच्या पंक्तीला बसत होता, म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करू लागले. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून येशूनं तीन दाखले सांगितले. हरवलेल्या मेंढराचं चित्र आपल्यापैकी कितीतरी घरांत भिंतीवर आहे. उधळ्या पुत्रावर तर दरवर्षी एखादा तरी उपदेश होतोच. मधला दाखला मात्र आपण भरभर वाचून पुढं जातो. ८ ते १०, तीनच वचनं. एका बाईजवळ दहा नाणी होती, त्यातलं एक हरवलं. त्या काळी असं एक नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी.

आता गंमत बघा. मेंढरू रानात हरवलं. मुलगा दूर देशी गेला. नाणं मात्र कुठंच गेलं नाही. ते घरातच होतं, आणि तरीही हरवलेलं होतं.

हे मला समजलं ते माझ्या आजीमुळं. नगर जिल्ह्यात आमचं धाब्याचं घर होतं. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन आणि एकच लहानशी खिडकी. भर दुपारीसुद्धा आतल्या खोलीत अंधार. एकदा दळताना आजीच्या डोरल्याचा दोरा तुटला आणि मणी घरभर झाले. सगळे गोळा केले, मोजले, तर एक सोन्याचा मणी कमी.

आजीनं दिवसाढवळ्या कंदील लावला. आम्हा पोरांना सांगितलं, "कुणी उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. आणि केर बाहेर टाकायचा नाही!" मग केरसुणी घेऊन ती कोपरा न् कोपरा झाडत गेली. एवढी धूळ उडाली की आम्ही खोकायला लागलो. झाडलेला केर तिनं सुपात घेतला आणि हळूहळू पाखडला. मणी त्या केरातच निघाला. मग काय, शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारून गुळाचा चहा झाला.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे, घरातल्या लहानसहान प्रसंगांत किती मोठ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या दिवसातल्या तीन गोष्टी मी अजून धरून आहे.

पहिली. मणी हाक मारू शकत नाही. मेंढरू निदान ओरडतं. मुलगा स्वतःच्या पायांनी परत येऊ शकतो. नाण्याला आवाजही नाही आणि पायही नाहीत. शोधणाऱ्यानंच वाकायला हवं. आपल्या मंडळीतले एक काका सांगते. दर रविवारी वेळेवर यायचे, ठरलेल्या बाकावर बसायचे, सगळे उभे राहिले की उभे राहायचे. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं, हे कित्येक महिने कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी संडे स्कूलच्या एका मुलीनं पाहिलं, की गीत चाललंय एक आणि काकांच्या हातातलं 'उपासना संगीत' उघडलंय भलत्याच पानावर. ती मुलगी शेजारी जाऊन बसली. तिनं पान काढून दिलं आणि ओळीखाली बोट धरलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते गायला लागले. हजेरीला ते रोज होतेच, पण सापडले त्या दिवशी.

दुसरी गोष्ट. शोधताना धूळ उडते. घरात गप्प झालेल्या माणसाशी बोलायला जा, म्हणजे कळेल. आधी तो चिडेल, जुनं काहीतरी उकरून काढेल. सून म्हणेल, "आता विचारताय होय?" तेवढ्यावरून केरसुणी खाली ठेवू नका. येशू म्हणतो, ती बाई नाणं सापडेपर्यंत शोधत राहिली.

तिसरी. केर बाहेर टाकण्याची घाई नको. "त्याचं काही खरं नाही, तो वाया गेला," असं आपण पटकन म्हणून टाकतो. त्या केराबरोबर मणीही बाहेर जातो. धुळीत पडला म्हणून सोन्याचा भाव उतरत नाही. दारू पिणारा मुलगा असो, परीक्षेत नापास झालेली मुलगी असो, देवाच्या हिशेबात त्यांची किंमत होती तेवढीच आहे.

हा अध्याय संपतो कुठं, तेही बघा. धाकटा परत आला, घरात मेजवानी सुरू झाली, आणि थोरला दाराबाहेर रुसून उभा. तो तर कधीच घर सोडून गेला नव्हता! तरी बाप त्याच्यासाठीही बाहेर आला आणि त्याची समजूत घालू लागला. घरात राहून दुरावलेल्यांनाही देव शोधतो. हे ऐकणाऱ्यांपैकी कुणी स्वतःच तसा कोपऱ्यात पडलेला असेल, तर त्याला मी एवढंच सांगेन, तुम्हाला हाक मारता येत नसली तरी शोध थांबलेला नाही.

या आठवड्यात एक काम करा. रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातली माणसं मोजू नका, त्यांचे चेहरे बघा. कोण बोलेनासं झालंय? त्याच्या शेजारी जाऊन बसा. उपदेश नको, नुसतं बसा आणि विचारा.

प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, आमच्याच घरात हरवलेली माणसं आम्हाला दिसू दे. वाकायला नम्रता दे, आणि ती सापडेपर्यंत धीर दे. येशूच्या नावानं मागतो. आमेन.