निम्मी कथा कापली, तर उरलेली कोणाची?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा त्याचा लिखित मजकूर. बोलता बोलता झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी तसंच ठेवलंय.

मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री कथा. कोडिंगमध्ये आम्हाला एक सोय असते, तिचं नाव ‘डिफ’. फाईलचं जुनं रूप आणि नवं रूप शेजारी शेजारी दिसतं. काय गेलं ते लाल, काय आलं ते हिरवं. नवीन माणूस टीममध्ये आला की तो अशा डिफ वाचूनच शिकतो. कथा लिहिणाऱ्यांची अडचण ही की आपल्यासमोर येते ती छापलेली, शेवटची आवृत्ती. लेखकाने काय खोडलं ते दिसतच नाही. मग वाटतं, मोठ्या लेखकांना एकदम असंच सुचत असणार.

पण एका लेखकाची डिफ जगासमोर आहे. रेमंड कार्व्हर, अमेरिकन कथाकार. १९८१ साली त्याचा एक कथासंग्रह आला आणि गाजला. तुटक वाक्यं, कमी शब्द. लोक म्हणाले, वा, काय संयम! हा संयम बऱ्याच अंशी त्याचा संपादक गॉर्डन लिश याचा होता. लिशने हस्तलिखिताचा सुमारे निम्मा मजकूर कापला होता. ८ जुलै १९८० ला कार्व्हरने त्याला पत्र लिहून कळवळून विनंती केली, की हे पुस्तक थांबव. पुस्तक थांबलं नाही. मूळ हस्तलिखित ‘बिगिनर्स’ नावाने २००९ साली बाहेर आलं, तेव्हा कार्व्हरला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

त्यातली एकच कथा घेऊ. आई मुलाच्या वाढदिवसासाठी केकची ऑर्डर देते. वाढदिवसाच्याच दिवशी मुलाला गाडी धडकते, तो हॉस्पिटलमध्ये. केक न्यायला कोणी आलं नाही म्हणून बेकरीवाला वैतागून घरी फोन करत राहतो. त्याला अपघाताचा पत्ता नाही. लिशने कापलेल्या ‘द बाथ’मध्ये शेवटी फोन वाजतो आणि कथा तिथेच थांबते. मुलगा वाचला का? कळत नाही. अंगावर काटा येतो.

१९८३ च्या संग्रहात कार्व्हरने हीच कथा ‘अ स्मॉल, गुड थिंग’ या नावाने मोठ्या रूपात छापली. इथे मुलगा जातो. आईबाप संतापून रात्री बेकरीत जातात. बेकरीवाल्याला खरं कळतं, तो माफी मागतो, त्यांना बसवतो आणि गरम पाव खायला देतो. पहाटेपर्यंत तिघं बोलत बसतात.

आता मला सांगा, छोटी कथा जास्त चांगली की मोठी? माझं मत असं, की या दोन वेगवेगळ्या कथा आहेत. पहिली म्हणते, संकट येतं आणि आपण एकटे असतो. दुसरी म्हणते, संकटात परका माणूसही आपल्याला जेवू घालू शकतो. कापताना फक्त शब्द गेले नाहीत, म्हणणंच बदललं. म्हणून ‘कमी लिहा, विशेषणं काढा’ हे सल्ले अर्धवट आहेत. आधी विचारायचं, ही कथा काय म्हणतेय? मग ठरवायचं काय काढायचं. दोन्ही कथा मिळवून लागोपाठ वाचा. एखाद्या वर्कशॉपइतकं शिकाल.

आपल्याकडेही ही शाळा होती. गिरगावातल्या मौज आणि ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन हे संपादक कथा आली की लेखकाशी चर्चा करत, पुन्हा लिहायला सांगत. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. आज आपण लिहितो आणि पाच मिनिटांत मोबाईलवरून पोस्ट करतो. छान आहे, कोणाची परवानगी लागत नाही. पण मधला तो प्रश्न विचारणारा माणूस गेला. त्याचं काम आता आपल्यालाच करायचंय.

मी ते कसं करतो, सांगतो. एका वाचनात एकच काम. कोड तपासतानाही सगळे दोष एकदम शोधायला गेलं की एकही नीट सापडत नाही.

पहिलं वाचन प्रसंगांचं. ड्राफ्ट दोन आठवडे बंद ठेवायचा. मग प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहायची: याच्या आधी आणि नंतर काय बदललं? काहीच नाही? मग तो प्रसंग कशासाठी आहे, याचं उत्तर द्यावं लागतं.

दुसरं वाचन संवादांचं, आणि तेही मोठ्याने. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘अहो’ यांतच निम्मं नातं असतं. वीस वर्षं ‘अहो’ म्हणणारी बाई एका वाक्यात ‘तू’ म्हणाली, तर तीच कथेतली मोठी घटना. ती चुकून होऊ नये आणि झाली तर वाचकाच्या नजरेतून सुटू नये.

तिसरं वाचन वाक्यांचं. ‘होता, होती, होते’ने संपणारी वाक्यं ओळीने आली की कान कंटाळतो. आणि भावना सांगणारी वाक्यं तपासायची. ‘मुलगा गेल्यापासून आईला घर रिकामं वाटत होतं.’ हे असं लिहून बघा: ‘आईने दोन वाट्या तांदूळ काढले. मग एक वाटी परत डब्यात ओतली.’ दुसरं नेहमीच सरस असतं असंही नाही. कधी साधं, सरळ वाक्यच हवं असतं. पण दोन्ही लिहून पाहिल्याशिवाय निवड होत नाही.

आता एआयबद्दल, कारण प्रश्न येणारच. मोबाईलवर कथा टाकली की दोन मिनिटांत ‘सुधारून’ मिळते. मित्र सुधारतो, संपादक सुधारतो, तसंच हे. माझा नियम एकच: पूर्ण कथा बदलून घ्यायची नाही, डिफ बघायची. प्रत्येक बदलाला विचारायचं, यामुळे माझी कथा जास्त स्पष्ट झाली की दुसरीच झाली? पहिलं असेल तर ठेवा, कोणी का सुचवलं असेना. दुसरं असेल, तर ते वाक्य कितीही गुळगुळीत असो, परत करा. कार्व्हरला ही निवड करायला पुढचं पुस्तक यावं लागलं. आपल्याकडे ती पोस्ट करण्याआधीच आहे.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमची एक जुनी कथा उघडा, तिची कॉपी करा आणि कॉपीतला शेवटचा परिच्छेद काढून टाका. दोन्ही मोठ्याने वाचा. काय गेलं ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य तुम्हाला सांगेल की कथा काय म्हणतेय.

भेटू पुढच्या भागात. लिहीत राहा, आणि हो, खोडत राहा!